आकाशातून दिसलेली वसई

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवप्रसंगी वक्त्याने गतपिढ्यांचे स्मरण करावे व येणाऱ्या पिढ्यांचे शुभ चिंतावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी तो उत्तम प्रकारे पाळला आहे. महोत्सव समितीने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा एका लहान विमानातून पाहिलेल्या वसईविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही ठरविले. ज्युबिलीचा आणि विमानाचा संबंध काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आरंभीच देणे बरे.

'ज्युबिली' हा शब्द हिब्रू भाषेतील 'योबेल' या शब्दापासून आला असून योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. दर पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकून इस्राएल लोकांत पवित्र वर्षाची घोषणा होत असे. त्या वर्षाचे नियम 'लेवीय' ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात दिले आहेत. त्यांत रोषणाई, मिरवणूक व मेजवानी यांचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो दासांच्या मुक्ततेचा आणि जमिनीचा. विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, त्या वर्षी पेरणी व कापणी करू नये, भूमीस विसावा मिळावा, अशी ती आज्ञा आहे. भूमी देवाची आहे व मनुष्य तिच्यावर केवळ पाहुण्यासारखा राहतो, हे त्या आज्ञेचे कारण. तेव्हा ज्युबिलीच्या वर्षी आपण आपल्या भूमीकडे एकवार नीट पाहिले तर ते प्रसंगास सोडून होणार नाही. आम्ही ती वरून पाहिली, एवढाच काय तो विशेष.

एका परिचित वैमानिक गृहस्थांच्या सौजन्याने आम्हांस हा योग लाभला. विमान चार आसनांचे होते. त्याचे पंख अंगावरून गेलेले असल्यामुळे खाली पाहण्यास कोणताच अडथळा नव्हता. पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे हवा स्वच्छ होती व रानात पाणी होते. सकाळच्या वेळी आम्ही जुहूच्या विमानतळावरून निघालो. याच जुहूच्या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका लहानशा विमानाने उतरले होते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

चर्चगेटहून वसई रोड स्थानकापर्यंतचा लोहमार्ग सुमारे ५२ किलोमीटरांचा आहे. गर्दीच्या वेळी दारात लोंबकळत तो कापताना आपणांस तो याहून दुप्पट वाटतो. जुहूहून वसईच्या किल्ल्यापर्यंतचे सरळ अंतर मात्र पंचवीस-सव्वीस किलोमीटर इतकेच आहे. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, उत्तन ही आपल्याच धर्मबांधवांची गावे एकामागून एक पायांखालून गेली. उत्तनची होडकी मागे पडतात न पडतात तोच खाडीचे रुंद मुख समोर आले, आणि त्याच्या पलीकडे वसई होती. घड्याळात पाहिले तो दहा मिनिटेही झाली नव्हती.

वसईचा किल्ला आपण लहानपणापासून पाहत आलो आहो. वेशीतून आत जावे, भग्न चर्चच्या कमानी पाहाव्या, झाडीतून वाट काढून जेट्टीवर यावे, असा आपला क्रम. त्यामुळे किल्ला आपल्या मनात तुकड्यातुकड्यांनी राहिला आहे. वरून मात्र त्याचा सबंध तट व त्रिकोणी बुरुज एका दृष्टिक्षेपात येतात, आणि तो तेथे का बांधला याचा उलगडा कोणत्याही ग्रंथावाचून होतो. उल्हास नदीचे पाणी जेथे समुद्रास मिळते त्या तोंडाशीच तो बसला आहे. खाडीत शिरणाऱ्या गलबतास त्याच्या डोळ्यांदेखत जावे लागे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांस दिला, १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. दोन शतकांचा तो सर्व इतिहास त्या खाडीच्या तोंडासाठी घडला. याच वसईत जन्मलेले व ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पण करणारे आपले संत गोन्सालो गार्सिया हेही याच पाण्याने देशांतरास गेले.

किल्ला ओलांडून विमान किनाऱ्याच्या कडेने उत्तरेस वळले. आमच्या डाव्या हातास समुद्र व उजव्या हातास वसई होती. सुमारे दीड हजार फुटांवरून दक्षिणेच्या खाडीपासून उत्तरेच्या वैतरणेच्या मुखापर्यंतचा आणि पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरापर्यंतचा सर्व प्रदेश एखाद्या अंथरलेल्या सुजनीसारखा दिसत होता. त्यातील पट्टे आपणांस सांगतो. प्रथम वाळूची भुरकी किनार. तिच्या आत सुरूच्या बनांची काळपट रेघ. तिच्या आत केळी, नारळ, पानवेली, फुलझाडे व भाजीपाला यांचा गर्द हिरवा पट्टा, आणि त्या हिरव्यातून डोके वर काढणारी आपली पांढरी चर्चे. पापडी, सांडोर, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी नावे आम्ही बोटांवर मोजू लागलो, परंतु विमानाचा वेग बोटांहून अधिक होता. हिरव्या पट्ट्याच्या पूर्वेस एकाएकी रंग बदलतो व करड्या इमारतींचा समुद्र सुरू होतो. तो लोहमार्ग ओलांडून पलीकडे पसरला आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लक्षांहून अधिक भरली. तो आकडा वाचणे निराळे आणि त्याचा विस्तार डोळ्यांनी पाहणे निराळे. त्यानंतर मिठागरांचे चौकोन, खाजणे, महामार्ग आणि शेवटी डोंगर.

या देखाव्यात दोन गोष्टी आमच्या विशेष ध्यानात आल्या, आणि त्या आपणांपुढे मांडण्यासाठीच हे व्याख्यान आहे.

पहिली गोष्ट अशी की, वसई हे मुळात बेट होते, हे वरून आजही कळते. दक्षिणेची वसईची खाडी व उत्तरेची वैतरणा यांच्या मधल्या सखल भागात जुन्या पाण्याच्या वाटा अजून ओळखू येतात. कोठे नाला, कोठे दलदल, कोठे नुसतीच ओलसर हिरवळीची वळणदार पट्टी. प्राचीन काळी सोपारा हे मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. आज सोपाऱ्यात उभे राहिले असता हे बंदर कोठे असेल असा प्रश्न पडतो. वरून पाहिले की ही गलबते कोणत्या वाटेने आत येत असतील याची कल्पना करता येते. ज्या सखल जागेतून पूर्वी पाणी ये-जा करीत होते, त्याच जागेवर पुष्कळ नवी वस्ती बसली आहे. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने वसई, नालासोपारा, विरार जलमय झाली, आगगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या व उतारूंस सोडवून आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. पाणी आपली जुनी वाट विसरत नसते; फक्त आपण ती पाहण्याजोग्या उंचीवर क्वचित जातो.

इंग्लंडात ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाच्या संशोधकाने १९२८ साली अलेक्झांडर किलर यांच्यासह विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शतकांपूर्वी बुजलेल्या खंदकावर उगवलेले पीक अधिक उंच व अधिक काळ हिरवे राहते, गाडलेल्या भिंतीवरचे पीक लवकर पिवळे पडते, आणि जमिनीवर चालणाऱ्यास न दिसणारी ही खूण विमानातून स्पष्ट दिसते, हे या संशोधकांनी दाखवून दिले. जमिनीत जे बुजविले जाते ते नाहीसे होत नाही, हा त्या विद्येचा धडा आपल्या कामाचा आहे.

दुसरी गोष्ट याहून आपल्या घराजवळची आहे. सूर्य पूर्वेस व आम्ही किनाऱ्यावर, अशी स्थिती असल्यामुळे हिरव्या पट्ट्यातील जे जे पाणी सूर्याच्या रेषेत येई, ते ते क्षणभर आरशासारखे लखलखे व विझे. विमान पुढे जाई तसतशी ही लखलख वाडीवाडीतून पुढे सरके. प्रथम आम्हांस ती पत्र्याची छपरे वाटली. मग ध्यानात आले की, ही आपली बावखले आहेत.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस बावखल म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ही स्मरणिका त्यांची नातवंडेही वाचतील, म्हणून सांगतो. बावखल म्हणजे वाडीच्या कडेस किंवा घरामागे खणलेले उथळ, पसरट तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीतले पाझरते, आणि त्यावर वाडी भिजते. जुन्या काळी त्याच्या काठी रहाट फिरत असे. पुढे तेलावरची इंजिने आली, त्यानंतर विजेचे पंप आले. वेलची केळी, उन्हात वाळवून सुकेळी करावयाची राजेळी केळी, पानवेली, मोगरा, सोनचाफा, भाजीपाला हे सर्व वैभव या पाण्यावर उभे राहिले. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जाणाऱ्या आपल्या माताभगिनींच्या टोपल्यांत फुलांबरोबर खरोखर बावखलाचे पाणीच जात असे.

लखलखणारी बावखले आम्ही मोजू लागलो आणि लवकरच दुसरेच मोजू लागलो: जेथे ती लखलखावयास हवी होती व लखलखली नाहीत, त्या जागा. काही ठिकाणी पाण्याऐवजी जलपर्णीचा हिरवा थर होता. काही ठिकाणी भरावाची लाल माती होती. काही ठिकाणी बंगल्याची फरसबंदी किंवा मोटारी उभ्या करण्याचे मैदान होते. खाली आल्यावर आम्ही आळीतील वृद्धांस विचारले, तेव्हा त्यांतील पुष्कळ जागा पूर्वीच्या बावखलांच्याच निघाल्या.

एक बावखल बुजविले तर काय बिघडते? याचे उत्तर समजण्यास थोडे शास्त्र पाहावे लागेल. समुद्राकाठच्या रेताड भूमीत खाली खारे पाणी असते व त्यावर पावसाचे गोडे पाणी तरंगत असते. गोडे पाणी किंचित हलके, खारे किंचित जड, म्हणून हे घडते. हॉलंडमध्ये घायबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व जर्मनीत हर्त्सबर्ग यांनी १९०१ साली या गोष्टीचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. हा हिशेब ऐकून आनंद होतो, परंतु त्याची दुसरी बाजू भयंकर आहे. वरची पातळी एक फूट उतरली की कालांतराने खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते. विहिरीचे पाणी आटण्यापूर्वीच ते मचूळ होते, आणि पानवेल त्याची साक्ष सर्वांत आधी देते.

आपल्याकडे वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर दरसाल सुमारे दोन लक्ष लिटर पाणी देव फुकट पाठवितो. बावखल ते अडवून धरते, सावकाश जमिनीत मुरविते, आणि गोड्या पाण्याची ती एक-दीड फुटाची पातळी सांभाळते. दहा गुंठ्यांचे व दोन मीटर खोल असे एक बावखल भरले की त्यात सुमारे वीस लक्ष लिटर पाणी राहते. दहा हजार लिटरांचे दोनशे टँकर. ते बुजविणारा आपलीच जागा बुजवितो हे खरे, परंतु विहीर मात्र शेजारच्या दहा जणांची मचूळ होते. कागदोपत्री बावखल एकाचे असते. त्याचे पाणी जमिनीखाली सातबाराच्या रेघा पाळीत नाही. ते चर्चखाली, मंदिराखाली व मशिदीखाली एकच आहे.

ही जाणीव वसईस नवी नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शहरीकरणाची लाट आली, हिरव्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकर भरभरून इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. सर्व धर्मांचे लोक तीत सामील झाले. फादर २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले व २०२४ साली ख्रिस्तवासी झाले. आज विमानातून जो हिरवा पट्टा दिसतो, तो केवळ निसर्गाने राखलेला नाही. त्यासाठी लोक मोर्चात चालले आहेत. तथापि त्या वेळी संकट बाहेरून येत होते व ते ओळखणे सोपे होते. बावखलाचे संकट घरातूनच येते, आणि तेही एका वेळी एक डंपर माती घेऊन.

येथे एक सावधगिरी घेणे अवश्य आहे. विमानातून पाहणाऱ्यास सर्वच दिसते असे नाही. त्यास हिरवा रंग दिसतो. केळीच्या घडास मिळालेला भाव दिसत नाही. वाडी दिसते, वाडीत राबण्यास मजूर मिळत नाही हे दिसत नाही. ज्याने बावखल बुजविले त्याच्या घरी विवाहयोग्य मुलगा असेल व त्यास खोली बांधावयाची असेल, कोणाचे इस्पितळाचे बिल भरावयाचे असेल, कोणास साचलेल्या पाण्यातील डासांचा व वाहून येणाऱ्या गटाराचा वीट आला असेल. जेथे घरात नळाचे पाणी आले तेथे विहिरीत डोकावण्याचे कारणच उरले नाही. म्हणून वरून पाहून खालच्यांस दोष देण्यात शहाणपण नाही व ख्रिस्ती प्रीतीही नाही. ज्या बावखलाचा लाभ दहा घरांस होतो, त्याचा भार एका घराने वाहावा अशी अपेक्षा आपण करीत आलो. ही अपेक्षाच न्याय्य नव्हती. भार वाटून घेणे हे धर्मग्रामाचे काम आहे.

'उत्पत्ती' ग्रंथात इसहाकाची एक कथा आहे. त्याचा पिता आब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजविल्या होत्या. इसहाक त्या देशी परत आला, तेव्हा त्याने कोणाशी युद्ध केले नाही. त्याने त्या विहिरी पुन्हा उकरल्या आणि पित्याने ठेविलेली जुनीच नावे त्यांस पुन्हा दिली. पुढे कित्येक शतकांनी याच घराण्यातील याकोबाच्या विहिरीवर आपला प्रभू थकून बसला व एका परक्या जातीच्या स्त्रीजवळ त्याने पाणी मागितले. ती विहीर कोणी बुजविली असती तर तो संवाद कोठे झाला असता, हा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढून पाण्याचा प्रश्न श्रद्धेच्या प्रांगणात आणून ठेविला. परंतु आपल्या पवित्र ग्रंथात तो आरंभापासूनच होता.

तेव्हा या ज्युबिली वर्षात आपल्या धर्मग्रामाने चार गोष्टी कराव्या, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, आळीआळीतून फिरून प्रत्येक बावखलाची नोंद करावी. त्यास नाव असेल तर नाव, किती घरांच्या विहिरी त्याच्याभोवती आहेत, उन्हाळ्यात पाणी कोठवर राहते, गोडे की मचूळ, हे सर्व एका वहीत लिहावे. हे काम तरुणांनी वृद्धांस बरोबर घेऊन करावे, कारण बुजलेल्या बावखलांची नावे आता केवळ वृद्धांच्या मुखीच आहेत. दुसरी, मे महिन्यात मालकाच्या संमतीने श्रमदान करून दरसाल निदान एका बावखलाचा गाळ उपसावा व तो वाडीतच टाकावा. तिसरी, ज्यात गटाराचे पाणी शिरते अशा बावखलाचा मालक एकटाच तक्रारी करीत बसतो. त्याच्या अर्जावर आळीतील प्रत्येक घराने सही करावी. चौथी, धर्मग्रामाच्या कोणत्याही बांधकामाचा आराखडा करताना पावसाचे पाणी कोठे जाईल हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. उपदेश करणाऱ्या घराच्या अंगणातच फरसबंदी असेल तर उपदेश पोहोचत नाही.

ही कामे लहान आहेत व त्यांस फार द्रव्य लागत नाही. एका धर्मग्रामाने सबंध वसईचे पाणी सांभाळता येणार नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु आपल्या पूर्वजांनी कोठलीही योजना सरकारकडून मंजूर होण्याची वाट न पाहता, कुदळ व घमेले घेऊन, एक एक करून ही तळी खणली. त्यांनी बांधलेल्या चर्चचा महोत्सव आपण थाटाने साजरा करतो, हे उचितच आहे. त्यांनी खणलेले पाणीही त्याच वारशाचा भाग आहे. ज्या पाण्याने त्यांच्या वाड्या पिकल्या, त्या वाड्यांच्या उत्पन्नातूनच या चर्चचे दगड आले.

पुढील ज्युबिली साजरी करण्यास आपणांपैकी पुष्कळ जण नसतील. त्या वेळी जे कोणी येथे जमतील, त्यांनी आपल्या घरामागच्या बावखलातील पाणी ओंजळीत घेऊन पाहावे आणि ते गोड लागावे, इतकी प्रार्थना परमेश्वराच्या चरणी करून आम्ही आपली रजा घेतो.